न दिसणारी उघडझाप

(भ्रमणध्वनीचा पडदा आणि डोळ्यांचा शीण या विषयावरील व्याख्यानाचा मजकूर)



चित्रपटाचे वेड दादासाहेब फाळके यांच्या डोक्यात शिरले ते १९१०-११ च्या सुमारास. मुंबईत ख्रिस्तचरित्रावरचा एक मूकपट त्यांनी पाहिला आणि मग रोज सायंकाळी चार-चार, पाच-पाच तास मिळेल तो चित्रपट पाहण्याचा सपाटा लावला. उरलेला वेळ चिंतनात आणि खटपटीत जाई. झोप अशी नव्हतीच. पाहता पाहता दृष्टी मंदावली आणि काही काळ तर पुरती गेली. डॉ. प्रभाकर या नेत्रतज्ज्ञांनी उपचार केले, तीन-चार निरनिराळे चष्मे दिले, तेव्हा कुठे फाळक्यांना पुन्हा दिसू लागले. पुढे १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला, हे सर्वांना ठाऊक आहे.

या आजाराचे सारे खापर पडद्यावर फोडणे न्यायाचे होणार नाही. जागरणे आणि अतिश्रम यांचाही त्यात मोठा वाटा असणार. तथापि त्या काळचा पडदा कसा होता, हे आजच्या विषयासाठी जाणून घेण्यासारखे आहे. चित्रपटाची फीत यंत्रात अखंड सरकत नाही. एक चित्र क्षणभर थांबते, मग प्रकाश झाकला जातो, त्या अंधारात पुढचे चित्र जागेवर येते आणि प्रकाश पुन्हा मोकळा होतो. म्हणजे प्रेक्षक ज्याला हलते चित्र समजतो, त्यातला बराचसा काळ पडदा काळाच असतो. मूकपटांच्या काळात चित्रांचा वेग कमी असल्याने हा अंधार डोळ्यांना जाणवे, पडदा थरथरे. इंग्रजीत चित्रपटाला बोलीभाषेत ‘फ्लिक’ म्हणतात, तो शब्द या थरथरीवरूनच आला. यंत्र बनविणाऱ्यांनी त्यावर तोड काढली ती मोठी गमतीची. अंधार घालविता येत नव्हता, म्हणून त्यांनी तो वाढविला! झाकण्याच्या चकतीला दोन-तीन पाती बसवून प्रत्येक चित्र दोन-तीनदा झाकायचे आणि उघडायचे. उघडझाप इतकी जलद झाली की ती दिसेनाशी झाली.

दिसेनाशी झाली म्हणजे नाहीशी झाली का? सारा विषय या एका प्रश्नाभोवती फिरतो.

याचे उत्तर पहिल्यांदा नीटपणे मिळाले ते चित्रपटगृहात नव्हे, तर कचेरीत. आपल्याकडे काय किंवा इंग्लंडमध्ये काय, घरातील वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची असते. प्रत्येक आवर्तनात दोन शिखरे. त्यामुळे साध्या चोकवर चालणारी ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंदावते. कारखान्यातील जुन्या कामगारांना हे पुस्तकाविना ठाऊक होते. विशिष्ट गतीने फिरणारे लेथ यंत्र ट्यूबच्या उजेडात चक्क थांबल्यासारखे दिसे, आणि थांबले समजून हात घातला तर बोटे जात. म्हणून शेजारशेजारचे दिवे विजेच्या वेगवेगळ्या फेजवर जोडण्याची पद्धत पडली. डोळ्याला न दिसणारी उघडझाप किती खरी असते, याचा याहून रोखठोक पुरावा कोणता?

केंब्रिजमध्ये संशोधन करणारे अर्नोल्ड विल्किन्स आणि त्यांचे सहकारी यांनी एका कचेरीत निराळ्या अंगाने याचा तपास केला. काही काळ जुन्या चोकवरचा उजेड आणि काही काळ सेकंदाला हजारो आवर्तने करणाऱ्या नव्या इलेक्ट्रॉनिक चोकवरचा उजेड, अशी त्यांनी योजना केली. कोणता उजेड केव्हा आहे हे कर्मचाऱ्यांना सांगितलेले नव्हते. १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ते असे की नव्या चोकच्या उजेडात डोकेदुखी आणि डोळ्यांचा शीण यांचे सरासरी प्रमाण निम्म्याहून खाली आले. त्यातली खरी मेख वेगळीच आहे. हा लाभ सर्वांना सारखा झाला नव्हता. बहुतेकांना दोन्ही उजेड सारखेच होते; मूठभर लोकांचे मात्र डोके वारंवार दुखे, आणि सरासरी घसरली ती त्यांच्यामुळे. तोवर या मूठभरांना काय ऐकावे लागले असेल, याची कल्पना कचेरीत नोकरी केलेल्या कोणालाही करता येईल.

पुढे इलेक्ट्रॉनिक चोक सर्वत्र आले आणि हा प्रश्न मिटल्यासारखा वाटला. मग तो खिशातून परत आला.

‘भ्रमणध्वनी’ हा शब्द एव्हाना अपुरा पडू लागला आहे. त्यातला ध्वनी मागे सरला, उरला तो पडदा. हा पडदा ढोबळमानाने दोन प्रकारचा असतो. एलसीडी पडद्याच्या मागे दिवा असतो आणि पुढची जाळी त्या प्रकाशाला वाट देते किंवा अडवते. ओएलईडी पडद्यात मागे दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. म्हणून त्याचा काळा रंग खरोखर काळा, रंग उठावदार आणि पडदा पातळ. आयफोनमध्ये हा पडदा २०१७ मध्ये पहिल्यांदा आला, इतर काही कंपन्यांनी तो त्याआधीच आणला होता, आणि आता मध्यम किमतीच्या फोनांतही तो सर्रास आढळतो.

आता उजेड कमी करण्याचे दोन मार्ग पाहा. रात्री कंदिलाची वात खाली केली की ज्योत लहान होते. उजेड कमी, पण अखंड. दुसरा मार्ग असा की वात तशीच मोठी ठेवायची आणि कंदिलासमोर पुठ्ठा भराभर हलवीत राहायचे. पुठ्ठा पुरेशा वेगाने हलला तर भिंतीवरचा उजेड केवळ मंद झाल्यासारखा वाटेल. बहुतेक ओएलईडी पडदे हा दुसरा मार्ग धरतात. याचे कारण निव्वळ काटकसर नव्हे. अत्यंत कमी प्रवाहावर ते चिमुकले ठिपके एकसारखे उजळत नाहीत. कुठे हिरवट झाक, कुठे डाग असे दोष उमटतात. म्हणून प्रवाह पुरेसा ठेवून ठिपके विझवायचे आणि लावायचे. अनेक फोनांत ही उघडझाप सेकंदाला २४० च्या आसपास असते, काहींत ४८०. २४० चा हिशेब केला तर एक फेरी चार सहस्रांश सेकंदांहून किंचित अधिक काळाची होते. उजेड पावपट ठेवला तर त्यातला एक सहस्रांश प्रकाशाचा आणि तीन अंधाराचे.

यातून एक विपरीत गोष्ट घडते. डोळ्यांना त्रास नको म्हणून माणूस रात्री उजेड कमी करतो, आणि जितका कमी करतो तितका अंधाराचा वाटा वाढतो. भर दुपारी जो पडदा जवळजवळ अखंड उजळलेला असतो, तोच मध्यरात्री सर्वाधिक फडफडतो.

मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावाहून पुण्यात आलेली, सदाशिव पेठेत तिघीजणींत एक खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी डोळ्यांसमोर आणावी. दिवसा अभ्यासिकेत जागा मिळते. रात्री खोलीवर वाचायचे ते फोनवर, कारण टिपणे, जुन्या प्रश्नपत्रिका, चालू घडामोडी, सारे फोनवरच असते. जुना फोन फुटला म्हणून वडिलांनी हप्त्याने नवा घेऊन दिला. शेजारच्या मुलीची झोप मोडू नये म्हणून ही उजेड अगदी खाली करते. पंधरा दिवसांत कपाळ ठणकू लागते, अक्षरावरून नजर घसरते, कधी मळमळते. नेत्रतज्ज्ञ तपासतात, नंबर ठीक, पडदा ठीक, डोळ्यांत घालायला थेंब मिळतात. मैत्रीण म्हणते, ‘आम्ही पण तेच बघतो की, आम्हाला नाही काही होत.’ वडील फोनवर म्हणतात, ‘बाळा, मन लागलं की डोकं दुखत नाही.’ त्यांच्या मायेत खोट नाही. परंतु दोन महिन्यांनी त्या मुलीची समजूत अशी झालेली असते की अभ्यास आपल्याच्याने होणार नाही. दोष पडद्यात असू शकतो, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते.

मग जे दिसत नाही ते डोळ्याला बाधते कसे? वाचताना डोळा ओळीवरून सरपटत नाही. तो उड्या मारतो. अखंड उजेडात या उडीचा मागमूस मनाला लागत नाही. उघडझाप करणाऱ्या उजेडात मात्र उडीच्या दरम्यान प्रत्येक झळक नेत्रपटलावर निराळ्या जागी उमटते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर रात्री प्रवास करताना पुढच्या मोटारीच्या लाल दिव्यांवरून नजर झटकन फिरवली, तर कधीकधी दिव्याऐवजी लाल मण्यांची माळ क्षणभर दिसते. तो भास नव्हे. एलईडी दिव्याची उघडझाप आहे. नजर स्थिर असताना साधारणतः सेकंदाला ५० ते ९० च्या पुढची उघडझाप माणसाला दिसत नाही. नजर उडी घेत असताना मात्र हजाराच्या पुढचीही जाणवू शकते, हे प्रयोगांत दिसून आले आहे.

विद्युत अभियंत्यांची जागतिक संस्था आयईईई हिने २०१५ मध्ये एलईडी दिव्यांसाठी १७८९ क्रमांकाची शिफारसपत्रिका काढली. पूर्ण विझून पूर्ण लागणारा दिवा असेल तर सेकंदाला १२५० च्या वर जोखीम कमी आणि ३००० च्या वर ती नसल्यात जमा, असा तिचा हिशेब आहे. २४० वर जोखीम कमी राखायची तर प्रकाशातील चढउतार एकोणीस टक्क्यांच्या आसपास थांबला पाहिजे. ही पत्रिका दिव्यांसाठी आहे, फोनसाठी नाही, हे मान्य. पण डोळा तोच आहे. युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२१ पासून दिव्यांच्या उघडझापेवर कायद्याने मर्यादा घातली, आणि भ्रमणध्वनीचे पडदे त्यातून वगळले. जी वस्तू माणूस चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धरतो तिला सूट आणि छताच्या दिव्याला बंधन, असा हा अजब न्याय आहे.

कंपन्यांना या तक्रारी ठाऊक नाहीत असे नव्हे. ऑनरसारख्या चिनी कंपन्यांनी ३८४० किंवा ४३२० हर्ट्झ उघडझापेचे पडदे बाजारात आणून त्याची जाहिरातही केली. गूगलने पिक्सेल १० प्रो या २०२५ च्या फोनात नाजूक डोळ्यांसाठी उघडझाप वाढविणारी सोय दिली. त्याच वर्षी ॲपलनेही आयफोन १७ मध्ये सुलभतेच्या मांडणीत तशी एक कळ ठेवली. तक्रार करणारे सारे मनाचे खेळ खेळत होते असे मानले, तर या कळा कशासाठी आल्या?

येथे तोल सांभाळणे आवश्यक आहे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर थेट झालेले अभ्यास अजून थोडे आहेत आणि बहुसंख्य लोकांना या उघडझापेचा काहीही त्रास होत नाही. तिने दृष्टी जाते असे कोणी सिद्ध केलेले नाही. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी ‘पोकेमॉन’ या व्यंगचित्रमालिकेतील लाल-निळ्या झळकांनी शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. त्या झळका सेकंदाला बाराच्या आसपास, ढळढळीत दिसणाऱ्या होत्या. तो अपस्माराशी संबंधित निराळाच प्रकार, त्याची भीती येथे घालण्याचे कारण नाही. शिवाय फोन पाहताना डोळे दुखण्याची नेहमीची कारणे आधी तपासलीच पाहिजेत. पडद्याकडे टक लावली की पापण्या कमी लवतात आणि डोळा कोरडा पडतो. चाळिशी लागलेली असते आणि माणूस कबूल करीत नाही. फोन फार जवळ धरला जातो. दुकानदार अशा वेळी निळा प्रकाश अडविणारा चष्मा गळ्यात बांधतो. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात सतरा चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या. अशा चष्म्याने डोळ्यांचा शीण निदान अल्पकाळात तरी कमी होत असल्याचे आढळले नाही. त्या पैशांत मुलीला छापील टिपणे आणून देता येतील.

फोन घेताना आणखी एक गफलत होते. विक्रेता ‘एकशेवीस हर्ट्झ’ असे अभिमानाने सांगतो. तो आकडा चित्र सेकंदाला किती वेळा बदलते याचा आहे, उजेडाच्या उघडझापेचा नव्हे. दुसरा आकडा विचारावा. तो बहुधा त्याला ठाऊक नसतो. अशा वेळी परत करण्याची मुदत विचारावी आणि त्या मुदतीत रात्री, कमी उजेडात, तासभर वाचून पाहावे. हातात असलेला फोनच त्रास देत असेल तर मुख्य उजेड निम्म्याहून वर ठेवावा आणि पडदा सॉफ्टवेअरने काळवंडून घ्यावा. अँड्रॉइडवर ‘एक्स्ट्रा डिम’ आणि आयफोनवर ‘रिड्यूस व्हाइट पॉइंट’ या नावाची सोय असते. कंदिलाला काजळीची काच लावावी तसे हे आहे. खोलीतला दिवा लावून वाचले तर पडदा मंद करण्याची गरजच उरत नाही. एलसीडीचे फोनही अजून मिळतात, बहुधा स्वस्तात. काही एलसीडी पडद्यांचा मागचा दिवाही उघडझाप करतो, तेव्हा तेही तपासूनच घ्यावेत.

तपासायला यंत्र लागत नाही. खोलीत अंधार करावा, फोनवर कोरे पांढरे पान उघडावे, उजेड अगदी कमी करावा आणि पडद्यासमोर एक पेन्सिल पंख्यासारखी झपाझप हलवावी. उजेड अखंड असेल तर पेन्सिलीचा नुसता धूसर पट्टा दिसतो. उघडझाप असेल तर एकीच्या जागी सात-आठ पेन्सिली हाताच्या बोटांसारख्या सुट्या सुट्या उभ्या राहतात. मग उजेड हळूहळू वाढवीत न्यावा. ज्या ठिकाणी त्या एकमेकींत मिसळतात, त्याच्या खाली तो फोन रात्री वापरू नये. घरातल्या मुलांना हा प्रयोग करू द्यावा, त्यांना तो आवडतो. पेन्सिल सापडली नाही तर खराट्याचा एक हीरही चालतो.