पंप कोरडे, टाकी अर्धी

(रौप्यमहोत्सवी वर्षात क्लब हाऊसमधल्या शनिवारच्या गप्पांमध्ये केलेले भाषण)

समितीने मला विषय दिलाय ‘परदेशातली मोटारसायकल सहल’. डोंगर, किल्ले, चीज यांचे फोटो मी नंतर दाखवीन, ज्यांना बघायचेत त्यांनी थांबावं. आज मी मुख्यतः पेट्रोलबद्दल बोलणार आहे, कारण आमच्या सहलीत तेच नव्हतं.

ऑक्टोबर २०१०. माझं वय ५४. भाचा बार्सिलोनात शिकत होता, त्याच्याकडे मी आणि सौ. गेलो. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून नेलेला होता. बार्सिलोनात आठ दिवसांसाठी मोटारसायकल भाड्याने घेतली आणि रविवारी, १७ तारखेला, फ्रान्सच्या दिशेने निघालो. २५ तारखेचं परतीचं विमान होतं, आणि त्या तिकिटाची तारीख बदलून मिळणार नव्हती.

आता तिकडे काय चाललं होतं ते थोडक्यात. राष्ट्राध्यक्ष सार्कोझी यांच्या सरकारने पेन्शन मिळण्याचं किमान वय ६० वरून ६२ करायचं ठरवलं होतं, आणि पूर्ण पेन्शनचं ६५ वरून ६७. कामगार संघटना खवळल्या. मार्सेयजवळचं फोस-लाव्हेरा हे तेलाचं बंदर त्यांच्या वेगळ्या मागण्यांसाठी सप्टेंबरअखेरपासूनच बंद होतं, जहाजं समुद्रात उभी. त्यात १२ ऑक्टोबरपासून तेलशुद्धीकरण कारखाने संपात उतरले. फ्रान्सच्या मुख्य भूमीवरचे बाराच्या बारा! वर डेपोंच्या फाटकांवर टायर जाळून अडथळे. ट्रकवाले तर महामार्गावर मुद्दाम गोगलगायीच्या चालीने ट्रक हाकत होते. त्या आठवड्यात देशातल्या दर चार पंपांमागे निदान एक कोरडा होता.

भाचा म्हणाला, “मामा, फ्रान्स राहू दे, स्पेनमध्येच फिरा.” पण हिने मियोच्या पुलाचं चित्र वर्षभर कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलं होतं. त्याचा सर्वांत उंच खांब वरच्या मनोऱ्यासकट ३४३ मीटरचा आहे, आयफेल टॉवरपेक्षाही उंच. मग काय, निघालो.

आमची टाकी सोळा लिटरची, गाडी लिटरला बावीस किलोमीटर द्यायची. म्हणजे भरल्या टाकीत साडेतीनशे. सीमेअलीकडच्या ला जोंकेरा गावात काठोकाठ भरून घेतलं. हिने हिशेबाची वही काढली आणि त्या दिवसापासून पेट्रोलखातं तिच्याकडे गेलं. नियम एकच: काटा अर्ध्यावर आला की पुढचं गाव बघायचं नाही, आधी पंप बघायचा.

कार्कासोनला पहिली गंमत कळली. पंपावर पाटी होती, एका वाहनाला जास्तीत जास्त २० युरो. मोटारवाले कपाळाला हात लावून बसलेले. पण लिटरचा भाव होता सुमारे १ युरो ४० सेंट. २० युरोत आमची टाकी जवळजवळ भरली! दुसरी गंमत म्हणजे तिकडे बहुतेक मोटारी डिझेलच्या, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी डिझेल आधी संपायचं. तिकडे ‘गाझोल’ लिहिलेलं असतं ते डिझेल, बरं का. नावावरून गॅसोलीन, म्हणजे पेट्रोल वाटतं. आपल्याला हवं ते ‘साँ प्लों’, शिसं नसलेलं. इथून जाणाऱ्यांनी हे तळहातावर लिहून न्यावं.

बुधवारी मियोला पोहोचलो. पूल पाहिला. ढग खाली आणि रस्ता वर, असं दृश्य. ही अर्धा तास बोलली नाही, यावरून काय ते समजा. पण टाकीत सात लिटर उरलेलं, म्हणजे दीडशे किलोमीटर. सीमा अडीचशे किलोमीटर लांब. गावातल्या पहिल्या तीन पंपांवर नळ्यांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या. चौथ्यावर पेट्रोल होतं, पण ते डॉक्टर, ॲम्ब्युलन्स आणि आगीचे बंब यांच्यासाठी राखीव. तिथल्या पोलिसाने नम्रपणे हात जोडल्यासारखं केलं. त्याच्याशी हुज्जत घालण्यासारखं काही नव्हतंच.

हॉटेलच्या मालकीणबाईंनी रात्री खुणांनी सांगितलं, पहाटे टँकर येणार, सुपरमार्केटच्या पंपावर, सहाला जा. तिकडे ऑक्टोबरात आठपर्यंत उजाडत नाही. अंधारात कुडकुडत रांगेत उभे राहिलो, नंबर आला तेव्हा पंपावर माणूसच नाही! सगळं यंत्र. कार्ड घाला, आकडा दाबा, पेट्रोल घ्या. आपल्याकडची कार्डं तेव्हा काळ्या पट्टीची, त्यांच्या यंत्राला चिपचं कार्ड लागे. ते आमचं कार्ड तीनदा बाहेर फेकून मोकळं. मागे चाळीसएक गाड्या. मला वाटलं आता हॉर्न वाजणार. पण मागच्या गाडीतून एक बाई उतरल्या, चेहऱ्यावर झोप, अंगात नर्सचा डगला. त्यांनी स्वतःचं कार्ड यंत्रात घातलं आणि मला भरायची खूण केली. मी रोख पैसे दिले, ते त्यांनी मोजलेसुद्धा नाहीत. माझ्यानंतर त्यांच्या वाट्याला किती उरेल याची त्यांना खात्री नव्हती, हे मला आजही विसरता येत नाही.

हिची इच्छा तार्न नदीच्या घळीतून थेट फ्लोराकपर्यंत जायची. वहीने नकार दिला. ला मालेनपर्यंत गेलो आणि वळलो. परतताना ताशी नव्वदच्या वर काटा जाऊ दिला नाही. वेग कमी ठेवला की तीच गाडी लिटरला पंचवीस देते, हे नुसतं ऐकलं होतं, तिथे अनुभवलं.

आता मूळ मुद्दा. पेट्रोल खरोखर संपलं होतं का? फ्रान्सकडे काही आठवड्यांचे राखीव साठे होते. अडलं होतं ते साठ्यापासून पंपापर्यंत. आणि दुसरी अडचण लोकांनीच केलेली. एरवी निम्म्या लोकांच्या टाक्या पाव-अर्ध्या भरलेल्या असतात. ज्या दिवशी सगळे एकदम काठोकाठ भरतात, त्या दिवशी पंपाचा तीन दिवसांचा माल दुपारपर्यंत उडतो. आपल्याकडे हेच झालं. जानेवारी २००९ मध्ये तेल कंपन्यांच्या अधिकाऱ्यांचा संप झाला तेव्हा, आणि अगदी अलीकडे जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत, ट्रक-टँकरचालकांच्या संपात. आठवतंय ना? आपल्या गेटपर्यंत रांग आली होती. त्या रात्री आपल्याच पार्किंगमध्ये, मीटर रूमच्या शेजारी, पाण्याच्या कॅनमध्ये भरलेलं पेट्रोल मी पाहिलं. कोणाचं ते विचारत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते, आणि एक ठिणगी पुरते. फ्रान्समध्ये कित्येक जिल्ह्यांत कॅन भरून नेण्यावर तेव्हा थेट बंदी घातली होती. आपल्या समितीने हा नियम लिहून फलकावर लावावा, ही माझी जाहीर मागणी समजा.

शुक्रवारी परतताना बेझिएजवळच्या चौकात संपकऱ्यांनी अडवलं. टायर पेटलेले, बाजूला सॉसेज भाजणं चालू. मी जरा चिडलेलो होतो. ही मागून म्हणाली, “तुम्ही गेटवर उभे होतात तेव्हा लोक अंधारात बसले होते.” ३४ वर्षं वीजखात्यात काढलेल्या माणसाला यावर उत्तर नसतं. एक मिशीवाला पुढे आला. मोडकंतोडकं इंग्रजी. वय पन्नास, गोदीत काम. मी भारतातला, वीज कामगार, हे कळल्यावर त्याने विचारलं, तुमच्याकडे निवृत्ती कितीला? मी म्हटलं, ५८. तो वळून ओरडला, “इंडियात अठ्ठावन!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमचं ५८ म्हणजे घरी बसवण्याचं वय आणि त्यांचं ६० म्हणजे हक्काचं, हा फरक समजावण्याइतकं इंग्रजी त्याच्याकडे नव्हतं, आणि फ्रेंच माझ्याकडे. त्याने आम्हाला कॉफी दिली आणि अडथळा बाजूला करून वाट करून दिली.

ला जोंकेराला पोहोचलो तेव्हा टाकीत दोन-अडीच लिटर असेल. तिथे फ्रेंच नंबरच्या गाड्यांची ही मोठी रांग. विमान वेळेवर मिळालं.

आम्ही घरी आलो आणि २७ ऑक्टोबरला त्यांच्या संसदेने तो कायदा मंजूर केला. त्यानंतर दोन-तीन दिवसांत कारखाने सुरू झाले. २०२३ मध्ये तेच वय ६२ वरून ६४ करायचा कायदा आला, पुन्हा संप, पुन्हा पंपांवर पाट्या. तो मिशीवाला तोवर निवृत्त झाला असणार. मी २०१४ लाच झालो.