आधी आवाज सारखा करा
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



सकाळपासून चौघांनी मला एकच प्रश्न विचारला, "का बे, तू रेडिओत आहेस म्हणे, मग तुझा आवाज कधीच कसा ऐकू येत नाही?" माझा येत नाही, पण सोलापुरातल्या एका खाजगी एफएम केंद्रावरून जो आवाज तुम्हाला ऐकू येतो, तो माझ्या हाताखालून जातो. स्टुडिओ आणि ट्रान्समीटर यांच्यामध्ये एक पेटी असते. तिला ऑडिओ प्रोसेसर म्हणतात. त्या पेटीबद्दल आणि तिच्यापायी झालेल्या माझ्या फजितीबद्दल आज थोडं बोलतो.

ही पेटी काय करते? आपला दहावीचा वर्ग आठवा. सर बाहेर गेले की मॉनिटर ओरडणाऱ्याला दाबायचा आणि पुटपुटणाऱ्याला "मोठ्यानं बोल" म्हणायचा. पेटीचं मुख्य काम तेच. चांगल्या पेटीत प्रत्येक रांगेला वेगळा मॉनिटर असतो. ढोलकीच्या घुमाऱ्याला एक, माणसाच्या आवाजाला एक, झांजेला एक. म्हणजे ढोलकी वाजली म्हणून गाणारीचा आवाज दबत नाही. शेवटी दारात एक शिपाई उभा असतो. एफएमच्या लहरीला दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झपर्यंतच हलायची मुभा आहे. त्यापुढे जाणारा आवाज हा शिपाई छाटतो.

खरी अडचण 'स' आणि 'श'ची. एफएममध्ये खरखर वरच्या सुरांत जास्त असते. म्हणून केंद्र ते सूर वाढवून पाठवतं आणि तुमचा रेडिओ ते परत कमी करतो. आपल्याकडच्या ५० मायक्रोसेकंदांच्या मापानं १५ किलोहर्ट्झचा सूर जवळजवळ पाच पट वाढतो. त्यामुळे 'सिद्धेश्वर', 'सोलापूर', 'शेंगाचटणी' म्हटलं की शिपायाची धावपळ. पेटी कच्ची असेल तर 'स' फाटतो. पेट्यांमधला फरक मी इथेच आधी ऐकतो.

अमेरिकेत बॉब ऑर्बन यांनी १९७५ साली 'ऑप्टिमोड' आणली, तिच्यात हे सगळं काम एकाच पेटीत आलं. पुढे फ्रँक फोटी यांची 'ऑम्निया' आली. आता तर हान्स फान झुटफेन या डच माणसाचं 'स्टिरिओ टूल' साध्या संगणकावर चालतं.

आता फजिती. आमच्याकडे दोन पेट्या चाचणीसाठी आल्या. एक दणदणीत वाजायची, दुसरी जरा शांत. आम्ही सगळे एका खोलीत बसलो, आलटून पालटून ऐकलं आणि पाच मिनिटांत दणदणीत पेटीला पास केलं. मीही हात वर केला होता. पूर्वभागातल्या यंत्रमागाच्या कारखान्यातून फोन आला, "आता खडखडाटात पण गाणं कळतंय." आम्ही खूश!

महिन्याभरानं आपल्या मराठीच्या सरांचा फोन आला. सर एकटे राहतात, रेडिओ दिवसभर सोबतीला असतो. म्हणाले, "अरे, तुमचा निवेदक श्वाससुद्धा ओरडून घेतो. जुनी गाणी लागली तरी दहा मिनिटांत रेडिओ बंद करावासा वाटतो. माझे कान गेले का रे?"

त्या रात्री झोप लागली नाही. कान सरांचे नव्हते गेले, आमचे गेले होते.

दुसऱ्या दिवशी मी तुलना नव्यानं केली. दोन्ही पेट्यांचा आवाज आधी सारखा केला. एखाद्या डेसिबलचा फरक असला तरी कान मोठ्या आवाजालाच 'चांगला' म्हणतो. एकाला 'अ' म्हटलं, एकाला 'ब'. कोणती कुठली, हे फक्त बटण दाबणाऱ्याला ठाऊक. पाच मिनिटं नाही, अख्खा तास ऐकलं. निकाल उलटा लागला. जिंकलेल्या पेटीत हलगीचा कडकडाट चपटा झाला होता, 'स' खरवडत होता आणि दोन शब्दांमधली शांतता भरून गेली होती. घरी ऐकणारा माणूस दणका बसला की बटण फिरवून आवाज कमी करतो. आम्ही मिळवलेला मोठेपणा तिथेच संपतो. उरतं ते चिरडणं.

पण मागावरचा कामगारही खोटं बोलत नव्हता. तिथे छोटा रेडिओ नेऊन ऐकलं. खडखडाटात हळू सूर बुडतातच, तिथे दाबलेला आवाजच कामाचा. आता कोणाचं ऐकायचं? शेवटी शांत पेटी ठेवली. दिवसा तिची पकड घट्ट ठेवतो, रात्री नऊनंतर सैल सोडतो. शिपायाला मात्र दोन्ही वेळी सांगून ठेवलंय, कात्री जपून चालव. दिवसा मागावर थोडं कमी ऐकू येतं, हे मला माहीत आहे. त्याचा उपाय अजून सापडलेला नाही.

आज सकाळी आपण चहा घेताना कोण किती पुढे गेलं याची तुलना चालली होती. मला ती खोली आठवली. तिथेही मोठ्यानं बोलणारेच पास होत होते.

सर पहिल्या रांगेत बसले आहेत. मघाशी पाया पडलो तेव्हा म्हणाले, "आता रात्री रेडिओ लावूनच झोपतो." सर, तुमचा फोन आला नसता तर मी त्या पेटीला आजही शाबासकी देत बसलो असतो.