संकटात गिऱ्हाइकाशी काय बोलावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



मी हा विषय बोलायला घेतला तेव्हा एकदोघींनी विचारले, की मोठमोठ्या पेढ्यांच्या या गोष्टी बायकांच्या मंडळात कशाला? त्याचे उत्तर आपल्या बीड जिल्ह्यातच आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात कुटे उद्योगसमूहावर आयकर खात्याच्या धाडी पडल्या आणि त्या समूहाशी निगडित असलेल्या ज्ञानराधा मल्टिस्टेट या पतसंस्थेच्या शाखांपुढे ठेवीदारांची रीघ लागली. पुढे पैसे मिळेनासे झाले, शाखांना कुलपे लागली. अध्यक्षांनी ध्वनिचित्रफितींतून लोकांना धीर दिला. जून २०२४ मध्ये त्यांना अटक झाली. दोष कोणाचा, हे न्यायालय ठरवील. मला म्हणायचे आहे ते एवढेच, की लेकीच्या लग्नासाठी ठेव ठेवलेल्या बाईला त्या दिवसांत धीर नको होता, आकडा हवा होता. पैसा किती आहे, कोठे अडकला आहे, केव्हा आणि किती हाती येईल? (जाता जाता सांगते: बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतील ठेवीला ते नसते. हे पुष्कळ शिकलेल्या घरांतही ठाऊक नाही.)

आता दुसरे उदाहरण घेऊ. २००३ च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मुंबईत कॅडबरीच्या डेअरी मिल्क चॉकलेटांत अळ्या सापडल्याचे महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर केले. कंपनीचे पहिले उत्तर असे, की दुकानदारांनी माल नीट ठेवला नसेल. ते खरेही असेल! पण आमटी खारट झाली म्हणून मिठाच्या बरणीकडे बोट दाखवावे, तसे ते लोकांना वाटले. विक्री घसरली. मग मात्र कंपनीने 'विश्वास' नावाची मोहीम काढली, माल कसा ठेवावा हे दुकानदारांना समजावून दिले, आणि जानेवारी २००४ मध्ये वेष्टनच बदलले. आत ॲल्युमिनियमचा कागद आणि वर चहूबाजूंनी चिकटवलेली पिशवी. खर्च वाढला, तो सोसला. जाहिरातीत अमिताभ बच्चन आले हे आपल्याला आठवते. पण नुसता नट पुढे करून भागले नसते. दाखवायला नवे वेष्टन होते, म्हणून त्याच्या शब्दाला वजन आले.

अमेरिकेत १९८२ साली शिकागोच्या आसपास टायलेनॉल या औषधाच्या कॅप्सुलांत कोणीतरी विष घातले आणि सात माणसे दगावली. कंपनीचा त्यात हात नव्हता. तरी तिने देशभरातल्या तीन कोटींवर बाटल्या परत मागवल्या. 'आमचा दोष नाही' हे वाक्य खरे असूनही तिने ते पुढे केले नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

आपण काळा मसाला, कुरडया, शेवया विकतो. उद्या एका पुड्यात जाळी निघाली, तर दुपारपर्यंत ती बातमी व्हॉट्सॲपवरून सगळ्या आळीत जाईल. त्या वेळी दहा जणींनी दहा कारणे सांगितली, तर अकरावे कारण लोक स्वतःच शोधतील. म्हणून बोलणारी एकच असावी, आणि तिने ठाऊक असेल तेवढेच सांगावे. बाकीचे 'उद्या चारला सांगते' म्हणावे आणि चारला खरेच सांगावे. पण तिने सांगायचे तरी कशाच्या आधारावर? आज आपल्या पुड्यांवर कुटल्याची तारीखसुद्धा नसते. एक पुडा बिघडला, तर कोणत्या घाण्याचे पुडे परत मागवायचे?

तेव्हा मी कार्यकारिणीपुढे दोन मागण्या ठेवल्या आहेत: एक तारखेचा शिक्का आणि एक वही. प्रत्येक घाण्याला क्रमांक द्यावा, आणि तो कोणत्या दुकानी किती गेला हे वहीत लिहावे. शिक्क्याच्या खर्चाला कोशाध्यक्षीणबाईंची हरकत आहे, हे मी जाणते. तो वाद पुढच्या सभेत होईल, तेव्हा सर्वजणींनी यावे.