जुबिली आणि माले-मुळशीचें भात
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं भाताविषयीं बोलणारा वक्ता आपणांस विचित्र वाटेल. परंतु जुबिलीची मूळ कल्पना जमिनीचीच आहे. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत, सातव्या वर्षीं शेतास विसांवा द्यावा आणि पन्नासाव्या वर्षीं रणशिंग फुंकून गेलेली जमीन मूळ कुळास परत करावी, अशी आज्ञा आहे. कारण जमीन देवाची, आपण तिच्यावरचे पाहुणे.

पौडाहून ताम्हिणी घाटाकडे जातांना माले गांव लागतें. त्यापुढें जो विस्तीर्ण जलाशय पसरला आहे, त्याच्या तळाशीं मावळ्यांचीं भातखाचरें आहेत. १९२१ सालीं रामनवमीस टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. सेनापति बापटांनीं तुरुंगवास भोगिला. तरी धरण झालें. पाणी भिऱ्याकडे उतरलें, वीज मुंबईस गेली. तेथें रणशिंग कोणी फुंकलें नाहीं.

उरलेल्या खाचरांत आजही आंबेमोहर पिकतो. शिजतांना आंब्याच्या मोहराचा दरवळ सुटणाऱ्या या तांदळास भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. पण त्याची काडी उंच आणि नाजूक, उतारा थोडा. युरियाचा मारा केला कीं पीक लोळतें. म्हणून १९८७ सालीं वडगांव मावळच्या संशोधन केंद्रांतून आलेल्या इंद्रायणीकडे शेतकरी वळला. त्यास दोष देणें मला तरी जमत नाहीं. बाजारांत आंबेमोहराच्या नांवानें परमुलखाचा दुसराच तांदूळ विकला जातो आणि आपणही, खरें सांगावयाचें तर, तोच स्वस्त म्हणून घेतों.

येथें एका जेझुइट धर्मगुरूची हकीकत सांगावीशी वाटते. फादर आंरी द लोलानिए हे फ्रेंच गृहस्थ १९६१ सालीं मादागास्कर बेटांत गेले. शेतीशास्त्र ते शिकलेले होतेच. तरी शिकवूं लागण्याआधीं वर्षानुवर्षें गरीब शेतकऱ्यांचीं खाचरें पाहत राहिले. १९८३ सालीं त्यांच्या शाळेंतील मुलांनीं नाइलाजानें अवघ्या पंधरा दिवसांचीं रोपें, एकेक आणि दूरदूर, लाविलीं. प्रथम पीक मुळींच आशादायक दिसेना. पुढें मात्र एकेका रोपास फुटव्यांचा घोस आला. कोवळें रोप, सुटी लावणी, खाचर आळीपाळीनें ओलें व कोरडें, कोळप्यानें तण मातींतच गाडणें आणि सेंद्रिय खत, ही त्यांची रीत आपल्याकडे ‘श्री’ पद्धत म्हणून पोंचली. बियाणें फारच थोडें लागतें.

परंतु मुळशीचा पाऊस पाहिलेला मनुष्य विचारील कीं, एका खाचराचें पाणी दुसऱ्यांत कोसळत असतां कोरडें करणार कसें? शंका रास्त आहे. तेथें डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री अधिक जुळते. वाफ्यांत तुसाची काळी राख मिसळली कीं राब भाजण्यासाठीं डोंगरावरील फांद्यांची तोड कमी होते. बांधावरील गिरिपुष्पाचा पाला चिखलणींत गाडतां येतो. एका चुडांत दोन-तीनच रोपें पुरतात. चौथें सूत्र रासायनिक खताच्या गोळ्यांचें आहे, हें लपवीत नाहीं. पण गोळी मुळांपाशीं खोचल्यानें खत वाहून जात नाहीं.

रीत शेतकरी पाहून घेईल. अडचण पैशाची आहे. लावणीची मजुरी आषाढांत द्यावी लागते आणि भाताचा पैसा दिवाळीनंतर येतो. मधले चार महिने तो उसनवारीवर काढतो. रस्त्यालगतचा एखादा जमीनखरेदीदार याच दिवसांत दारीं येतो.

पोप फ्रान्सिस यांनीं २४ मे २०१५ च्या परिपत्रकांत छोट्या उत्पादकांस आधार देण्याविषयीं स्पष्ट लिहिलें आहे. तेव्हां माझी विनंति अशी कीं, प्रत्येक कुटुंबानें वर्षाच्या तांदळाची अर्धी किंमत आषाढांतच माले परिसरांतील शेतकऱ्यांस द्यावी व उरलेली झोडणीनंतर. पावसानें पीक लोळलें तर दिलेली रक्कम परत मागूं नये. ही अट कांहींस जड वाटेल. ज्यांस वाटेल त्यांनीं कमी पायलीची नोंद करावी, पण अट मोडूं नये. नोंदवही मिस्सानंतर व्हरांड्यांत ठेविली आहे.