पहिल्या वेचणीचा कापूस

जळगाव म्हटले की पुष्कळांना खानदेशातले केळीचे जळगाव आठवते. माझे गाव ते नव्हे. माझे जळगाव जामोद, बुलढाणा जिल्ह्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे. आमचा मुलूख कापसाचा. त्यामुळे देवाला काय द्यावे, हा प्रश्न मला लहानपणी भेटला तो कापसाच्या गाठोड्यातच.

पहिल्या वेचणीचा कापूस स्वच्छ आणि भरदार असतो. पुढे प्रत उतरत जाते आणि अळीने खाल्लेली, डागाळलेली कवडी हाती येते. पहिल्या वेचणीतले एक गाठोडे बाबा बाजूला ठेवत. हंगामाच्या सणाला आम्ही ते एसटीच्या टपावर टाकून खामगावला आराधनेला नेत असू. ज्यांनी हा सण पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ख्रिस्ती मंडळी पहिले पीक, कोंबडी, अंडी, लोणच्याची बरणी, जे असेल ते वेदीपुढे आणून ठेवतात. आराधनेनंतर त्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात.

एका वाईट वर्षी पहिल्याच वेचणीत निम्मी कवडी निघाली. गाठोडे बांधायचे काम माझ्याकडे होते. मी चौदा वर्षांचा. खाली कवडी भरली आणि वर चार ओंजळी पांढरा कापूस पसरला. वाचलेला चांगला माल विकून घरात चार पैसे येतील, एवढाच माझा हिशेब. लिलावाआधी सैल झालेली गाठ आवळताना बाबांचा हात आत गेला. ते काही बोलले नाहीत. लिलावात मात्र स्वतःच बोली वाढवत गेले आणि आपलेच गाठोडे चांगल्या कापसाच्या भावाने विकत घेतले. नाताळच्या कपड्यांचे पैसे त्यात गेले. परतीच्या बसमध्ये एवढेच म्हणाले, "जे यापारी घेत नाही, ते देवाले चालते काय रे?"

पुढे मलाखीचे पुस्तक वाचताना बाबांचा प्रश्न कुठून आला ते कळले. लंगडी, आंधळी जनावरे वेदीवर आणणाऱ्यांना संदेष्टा विचारतो, असले जनावर सुभेदाराकडे नेऊन बघा, तो खूश होईल का? दावीद राजाचेही तसेच. अरवनाने आपले खळे आणि बैल फुकट देऊ केले, पण पदरमोड केल्याशिवाय अर्पण करायला राजा तयार झाला नाही.

आपल्या मराठी मुलखात असे देणे पाहायचे तर मला पंडिता रमाबाई आठवतात. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवले, ते संस्कृतच्या विद्वत्तेसाठी. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या निराधार बायामुलींचा संसार सांभाळता सांभाळता त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. अखेरची वर्षे त्यांनी मूळ भाषांतून बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. मुक्तीतल्या बायकांनीच छपाईचे काम केले. १९२१ मध्ये कन्या मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या आणि १९२४ मध्ये ग्रंथ बाहेर आला.

मला यात एक गोष्ट फार मोठी वाटते. ज्या संस्कृतने त्यांना मान मिळवून दिला, तेच जड शब्द त्यांनी भाषांतरात जाणूनबुजून टाळले, कारण अर्थ नुकत्या अक्षर ओळखू लागलेल्या बाईला कळायला हवा होता. उत्तम संस्कृत दाखवणे त्यांना सोपे होते. त्यांनी ते बाजूला ठेवले. मंडळ्यांमध्ये त्यांचे भाषांतर फारसे रुळले नाही, हेही खरे. म्हणून ते देणे कमी झाले असे मी मानत नाही.

आणि ज्यांच्याकडे पहिल्या वेचणीचे गाठोडेच नाही, त्यांचे काय? येशूने दानपेटीपुढे बसून ज्या विधवेच्या दोन टोल्या पाहिल्या, ती अशांपैकीच होती. आराधनेत देणगीदारांची नावे आकड्यांसह वाचून दाखवली जातात, तेव्हा मला ती आठवते. तिचे नावसुद्धा कुणी नोंदवले नाही.

आमचे गाठोडे घरी परत आले. आईने सरकी काढून त्या कवडीची उशी केली. मॅट्रिकपर्यंत मी तिच्यावरच झोपलो.