कलेच्या दारी हिशेबनीस



लक्ष्मी आणि सरस्वती एका घरात नांदत नाहीत, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. म्हणूनच पेढीवरचा माणूस एखाद्या कलासंस्थेच्या कारभारात शिरला, की रसिकांच्या कपाळाला आठी पडते. हा आता सुरांचाही भाव करणार, अशी धास्ती वाटते. ही धास्ती अगदीच निराधार आहे, असे आम्ही म्हणत नाही. पण हिशेबाकडे पाठ फिरवल्याने काय होते, तेही आपल्या रंगभूमीने भोगले आहे. १९२१ साली बालगंधर्व गंधर्व नाटक मंडळीचे एकटे मालक झाले, तेव्हा मालकीबरोबर मोठे कर्जही त्यांच्या माथी आले. तेथे उणीव गाणाऱ्याची नव्हती, ऐकणाऱ्यांचीही नव्हती. खर्चाला वेळीच आवर घालणारा आणि ज्याचा शब्द मानला जाईल असा कारभारी तेवढा हवा होता.

याउलट उदाहरण मुंबईचे. होमी भाभांचे धाकटे बंधू जमशेद भाभा टाटांच्या उद्योगातले. जे. आर. डी. टाटांच्या पाठबळाने त्यांनी १९६९ साली ‘नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्‌स’ ही संस्था उभी केली. पुढे नरिमन पॉइंटला, समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर, तिचे टाटा थिएटर १९८० साली उघडले. जागा, देणग्या, कंत्राटे ही कामे उद्योगातल्या शिस्तीचीच. पण व्यापारी आधी खुर्च्या मोजतो. येथे मात्र ध्वनिवर्धकावाचून गाणे श्रोत्यांपर्यंत कसे पोचेल, या प्रश्नाला मान मिळाला. त्यासाठी वास्तुशिल्पी फिलिप जॉन्सन यांच्या जोडीला सिरिल हॅरिस हे ध्वनितज्ज्ञ घेतले. पु. ल. देशपांड्यांसारखा कलावंत या संस्थेचा मानद संचालक होता. १९९७ साली बांधकाम चालू असलेले दुसरे नाट्यगृह आगीत सापडले. तरी १९९९ साली ते उघडलेच.

उद्योगातून या क्षेत्रात येणाऱ्याने बरोबर काय आणावे, ते यावरून दिसते. चोख जमाखर्च, दिलेला शब्द पाळणे आणि कलावंताची बिदागी वेळेवर देणे, एवढे जरूर आणावे. एक सवय मात्र दाराबाहेर ठेवावी. दुकानात जो माल खपत नाही, तो बंद करतात. कलासंस्थेत पुष्कळदा तोच जपायचा असतो. धृपदाच्या बैठकीला पन्नासच श्रोते आले, तर पुढच्या वर्षी ती बैठक रद्द करणे सोपे आहे. जाणता कारभारी तिची तूट आधीच अंदाजपत्रकात मांडतो आणि गर्दीच्या नाटकाच्या उत्पन्नातून ती भरून काढतो. ठरवून सोसलेली तूट आणि गाफीलपणे आलेली तूट, यांतला भेद ज्याला कळला, तोच या कामाला लायक.

आपल्या गावातही चांगले हिशेब जाणणारी माणसे आहेत. त्यांनी कलासंस्थेत यावे. मात्र खुर्चीवर बसण्याआधी काही वर्षे सतरंजीवर बसून ऐकावे. आणि संस्थांनीही त्यांना केवळ देणगीदार न मानता विश्वासाने कामात घ्यावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.