नामोच्चार आणि नामलेखन



बारशाला आत्या बाळाच्या कानात 'ज्ञानदा' म्हणते, तेव्हा आपल्यास 'द्न्यानदा' ऐकू येते. बालाघाटास गेले की तीच कन्या 'ग्यानदा' होते. मूळ संस्कृत अक्षरात मात्र जकारास ञकार जोडलेला आहे. आपली 'अम्रुता' हिंदी भाषकांच्या मुखी 'अम्रिता' होते. झाडीपट्टीत तर वीणेची 'वीना' होते, आणि त्यात मला यत्किंचितही कमीपणा वाटत नाही.

खरी अडचण रोमन लिपीत उद्भवते. ज्ञसाठी कोणी 'डीएनवाय' लिहितो, कोणी 'जीवाय', कोणी 'जेएन'. जन्मदाखल्यावर एक अन् आधारपत्रावर दुसरे, म्हणजे पुढे मुलीस आपण एकच व्यक्ती आहोत हे प्रतिज्ञापत्राने सिद्ध करीत बसावे लागते! १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या बालकांच्या शाळाप्रवेशास जन्मतारखेचा पुरावा जन्मदाखलाच होय. म्हणून पहिले लेखन तेथेच निश्चित व्हावे. माझा कौल आपल्या उच्चारास जवळच्या 'डीएनवाय'ला आहे.

नोंदणी नावाविना झाली असल्यास बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते. ते दोन्ही लिप्यांत कागदावर लिहून न्यावे. तोंडी सांगितल्यास लेखनिक स्वतःच्या कानाप्रमाणे लिहील.